वाचाचिकित्सेच्या उंबरठ्यावरील पाठ

मनुष्याच्या अंगीं असलेल्या शक्तींत वाणी ही एक अशी शक्ति आहे कीं, ती नीट चालत असेपर्यंत तिची आठवणहि कोणास होत नाहीं. पायांत कांटा मोडला म्हणजे पाय आठवतो, तशी जीभ अडली म्हणजे वाचा आठवते. चार वर्षांचें मूल ‘काका’ म्हणावयाचें तेथें ‘ताता’ म्हणतें, तेव्हां घरांतील मंडळी कौतुकानें हंसतात. तेंच मूल सात वर्षांचें झालें आणि तरीहि ‘ताता’च म्हणत राहिलें, तर वर्गांतील मुलें हंसतात, आणि त्या हंसण्यांत कौतुक नसतें. साठीच्या घरांतील एखाद्या गृहस्थास पक्षाघाताचा झटका येतो. हात सांवरतो, पाय सांवरतो, परंतु समोर बसलेल्या पत्नीचें नांव ओठांवर येत नाहीं. नांव तो विसरलेला नसतो. नांवापर्यंत जाणारी वाट तेवढी तुटलेली असते.

अशा मुलास आणि अशा गृहस्थास साहाय्य करणारा एक स्वतंत्र व्यवसाय गेल्या शंभर वर्षांत उदयास आला आहे. त्यास वाचाचिकित्सा म्हणतां येईल. शहरांतील लोक ‘स्पीच थेरपी’ या नांवानें तो ओळखतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या व्यवसायांत शिरावयाचें म्हणजे मास्टरची, म्हणजेच पदव्युत्तर, पदवी लागते. आणि त्या पदवीच्या वर्गांत पाऊल टाकण्यापूर्वीं कांहीं ठराविक विषय पुरे केलेले असावे लागतात. ज्यांनीं कॉलेजांत इतिहास, वाङ्मय किंवा हिशेबशास्त्र घेतलें, आणि तिशी-पस्तिशींत ज्यांस या कार्याची ओढ लागली, अशा माणसांच्या वाटेंत हे विषय प्रथम उभे राहतात. ते विषय कोणते, ते कोणत्या हेतूनें नेमले आहेत, आणि ते पुरे करतांना पाय कोठें घसरतो, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास थोडक्यांत ध्यानीं घेतला, तर पुढील गोष्टी सुलभ होतील. इ. स. १८६१ मध्यें पॅरिस येथें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्या रोग्यास दुसऱ्याचें बोलणें बरेंचसें समजत असे, परंतु त्याच्या मुखांतून ‘तान’ या एका अक्षरध्वनीवांचून बहुधा दुसरें कांहीं निघत नसे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकानें मेंदू तपासला, तेव्हां डाव्या बाजूच्या पुढील भागास इजा झालेली आढळली. वाणीचें घर केवळ जिभेंत नसून मेंदूंत आहे, ही गोष्ट तेव्हांपासून वैद्यकांत रूढ झाली. अमेरिकेंत या विषयाचें पद्धतशीर शिक्षण मुख्यतः आयोवा विद्यापीठांत सुरू झालें. तेथें ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांनीं तोतरेपणाचा प्रयोगशाळेंत अभ्यास केला. आणि १९२५ मध्यें या व्यवसायाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तीच संस्था नांवें बदलत बदलत आज ‘अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते. तिच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आशा’ म्हणतात. मराठी कानास हें नांव गोड लागावें, हा एक योगायोगच होय. या विद्येच्या आरंभींच्या मोठ्या आचार्यांपैकीं चार्ल्स व्हॅन रायपर आणि वेंडेल जॉन्सन हे दोघेहि स्वतः तोतरे होते. व्हॅन रायपर यांनीं १९३६ मध्यें मिशिगन राज्यांतील कालामाझू येथें वाचोपचाराचें केंद्र उघडलें. ज्यांच्या जिभेंत गांठ होती त्यांनींच ती सोडविण्याचें शास्त्र उभारलें, ही गोष्ट या व्यवसायाचा स्वभाव सांगून जाते.

पुढें १९७५ मध्यें अमेरिकेंत असा कायदा झाला कीं, अपंग मुलांनाहि सरकारी शाळेंत योग्य व विनामूल्य शिक्षण मिळालेंच पाहिजे. त्यामुळें शाळांतून वाचाचिकित्सकांची मागणी वाढली, आणि आज या व्यवसायांतील सुमारें निम्मी मंडळी शाळांतूनच काम करतात. उरलेलीं इस्पितळांत, वृद्धांच्या शुश्रूषागृहांत व खाजगी दवाखान्यांत आहेत. त्यांत स्त्रियांची संख्या फारच मोठी आहे. शिक्षिका, ग्रंथपाल किंवा कचेरींतील नोकरी सोडून, मुलेंबाळें शाळेस जाऊं लागल्यावर या मार्गाकडे वळणाऱ्या स्त्रिया तेथें पुष्कळ आढळतात.

आतां या शिक्षणाची शिडी कशी आहे तें पाहावयाचें. सरळ वाटेनें जाणारा विद्यार्थी कॉलेजांतच ‘संभाषणविज्ञान व त्यांतील विकार’ हा विषय घेऊन पदवीधर होतो. पुढें मान्यताप्राप्त विद्यापीठांत साधारणतः दोन वर्षांचा मास्टरचा अभ्यास करतो. ‘आशा’ संस्थेच्या २०२० सालीं अंमलांत आलेल्या नियमांप्रमाणें त्यास ४०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव पुरा करावा लागतो. त्यांतील २५ तास दुसऱ्याचें काम पाहण्याचे, आणि ३७५ तास स्वतः रोग्यासमोर बसण्याचे असतात. मग एक राष्ट्रीय परीक्षा येते. आणि तीनंतर अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखालीं निदान ३६ आठवडे, एकूण १२६० तास, उमेदवारी करावी लागते. एवढें झालें म्हणजे संस्थेचें प्रमाणपत्र हातीं येतें. प्रत्येक राज्याचा परवाना निराळा काढावा लागतो तो वेगळाच.

या शिडीच्या पहिल्या कांहीं पायऱ्या ज्याच्याजवळ नाहींत, त्यास त्या मागाहून चढाव्या लागतात. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, या सर्व पायऱ्यांची मिळून एकच यादी आहे. वस्तुतः त्या दोन याद्या असून त्या दोन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या आहेत. हा भेद ज्यास पहिल्या दिवशीं कळला, त्याचा पुष्कळ पैसा व कधीं कधीं एक संबंध वर्ष वांचतें.

पहिली यादी ‘आशा’ संस्थेची. तींत चार विषय आहेत: जीवशास्त्र, पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र यांपैकीं एक, संख्याशास्त्र, आणि मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र यांसारखें एखादें सामाजिक शास्त्र. यांतील जीवशास्त्र मनुष्यासंबंधीं अथवा प्राण्यांसंबंधीं असावें लागतें. भूगर्भशास्त्र किंवा ज्योतिष हीं शास्त्रें कितीहि थोर असलीं, तरी तीं पदार्थविज्ञानाच्या जागीं चालत नाहींत. संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम स्वतंत्र असावा लागतो. वाचाचिकित्सेच्या विभागांतील संशोधनपद्धतीचा पाठ त्याऐवजीं धरला जात नाहीं. त्याचप्रमाणें, ‘बोलण्याच्या इंद्रियांची शरीररचना’ हा विषय केला म्हणजे जीवशास्त्रहि आपोआप झालें, असें सामान्यतः मानतां येत नाहीं. कित्येक विद्यार्थी येथेंच फसतात. नांव सारखें दिसलें म्हणून विषय पुरा झाला असें ते धरून चालतात, आणि प्रमाणपत्राच्या वेळीं एका विषयासाठीं पुन्हा वर्गांत जाऊन बसतात.

दुसरी यादी ज्या त्या विद्यापीठाची. तींत वाचाचिकित्सेचे पायाभूत विषय येतात. बहुतेक ठिकाणीं वाचा व श्रवण यांच्या इंद्रियांची रचना, उच्चारशास्त्र, मुलांच्या भाषेची वाढ, श्रवणशास्त्राचा परिचय, संभाषणविकारांचा परिचय आणि बोलण्याचें ध्वनिविज्ञान हे विषय मागतात. कांहीं ठिकाणीं मज्जासंस्थेची रचना, श्रवणदोषावरील उपचार व चिकित्सेच्या कार्यपद्धति हे विषयहि असतात. एकूण विषय साधारणपणें सहा ते नऊ भरतात. प्रत्येकाचीं बहुधा तीन क्रेडिटें असतात. परंतु एका विद्यापीठाची यादी दुसऱ्याशीं तंतोतंत जुळेल असा भरंवसा नसतो.

येथें कोणी विचारील कीं, ज्यास लहान मुलास ‘क’ म्हणावयास शिकवावयाचें आहे, त्याच्या माथीं पदार्थविज्ञान व संख्याशास्त्र कशासाठीं मारावें? हे विषय म्हणजे दारांत बसलेल्या नाकेदाराचा कर तर नव्हे? पुष्कळ उमेदवार तो कर समजूनच भरतात. कसेंबसें उत्तीर्ण होतात आणि पुस्तक विकून टाकतात. परंतु या प्रत्येक विषयाच्या पाठीमागें एक रोगी उभा आहे, आणि तो रोगी एक ना एक दिवस समोर येऊन बसतोच.

प्रथम संख्याशास्त्र घ्यावें. मुलाची भाषा तपासण्याच्या ज्या ठराविक कसोट्या आहेत, त्यांतील बऱ्याच कसोट्यांत सरासरी गुण १०० आणि प्रमाणित विचलन १५ धरलेलें असतें. एका मुलास ८५ गुण मिळाले. आई विचारते, ‘माझें मूल मागें आहे काय?’ ज्यास संख्याशास्त्र उमगलें आहे तो जाणतो कीं, शंभर निरोगी मुलांत सुमारें सोळा मुलें या आंकड्याच्या खालींच असावयाचीं. तेवढ्यावरून रोग ठरत नाहीं. ज्यास तें उमगलें नाहीं, तो एका घराची झोंप उडवितो. उलट, ज्याला खरोखर मदतीची गरज आहे त्यास ‘होईल आपोआप’ म्हणून परत पाठविण्याची चूकहि अशाच अज्ञानांतून होते.

पदार्थविज्ञानाचेंहि तसेंच. आवाज म्हणजे हवेंतील कंप. पुरुषाचे स्वरतंतु बोलतांना सेकंदास सुमारें सव्वाशें वेळां, तर स्त्रीचे सुमारें दोनशें वेळां कंप पावतात. ‘स’ या वर्णाचा सुस्कारा मात्र सेकंदास चार हजारांहून अधिक आंदोलनांचा असतो. ज्या मुलाचे कान खालचे स्वर ऐकतात परंतु वरचे ऐकत नाहींत, त्याला हांक मारली तर तें वळून पाहतें. म्हणून घरच्यांस तें बहिरें वाटत नाहीं. पण ‘स’ त्याच्या कानांवर कधीं पडलेलाच नसतो. मग तो त्याच्या जिभेवर कोठून येणार? असें मूल हट्टी आहे, आळशी आहे असा शिक्का त्याच्यावर बसतो. चिकित्सकास ध्वनिविज्ञान व श्रवणशास्त्र ठाऊक असेल, तर तो शिकवणीचा पहिला पाठ देण्यापूर्वीं मुलाचे कान तपासून घेण्यास पाठवितो. आवाजाची तीव्रता डेसिबलांत मोजतात, आणि तें माप पायरीपायरीनें चढत नाहीं. दर दहा डेसिबलांस तीव्रता दसपट होते, वीसांस शंभरपट. ‘तीसच डेसिबलांचा तर दोष आहे’ असें म्हणणारास हा हिशेब ठाऊक नसतो.

उच्चारशास्त्र हा विषय मात्र असा आहे कीं, मराठी माणूस त्या वर्गांत शिरला तर त्यास आजोळीं आल्यासारखें वाटावें. कवर्ग कंठांतून, चवर्ग टाळूपाशीं, टवर्ग मूर्धेवर, तवर्ग दांतांशीं आणि पवर्ग ओठांत उपजतो. पाठीमागून पुढें येत येत वर्णमाला रचलेली आहे, हें त्यानें धुळाक्षरें गिरवितांनाच पाठ केलेलें असतें. अमेरिकेंतील मुलाला ए, बी, सी या क्रमांत असा कांहींच अर्थ सांपडत नाहीं. प्राचीन वैयाकरणांच्या प्रातिशाख्यग्रंथांत उच्चाराची केलेली चिकित्सा पाश्चात्य पंडितांस एकोणिसाव्या शतकांत ज्ञात झाली. अमेरिकेच्या येल विद्यापीठांतील विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनीं अथर्ववेदाचें प्रातिशाख्य १८६२ मध्यें आणि तैत्तिरीय प्रातिशाख्य १८७१ मध्यें संपादून प्रसिद्ध केलें. ‘काका’चा ‘ताता’ करणारें मूल वस्तुतः काय करतें, हें या क्रमावरून चटकन् उमगतें. कंठाचें काम तें दांतांवर आणतें, आणि ही चूक वेडीवांकडी नसून नियमबद्ध आहे. नियम सांपडला म्हणजे उपचाराची दिशा सांपडते.

तथापि आजोळच्या लाडानें गाफील राहून चालत नाहीं. मराठींत ‘चंद्र’ आणि ‘चाक’ यांत लिहितांना एकच च आहे, परंतु उच्चार दोन आहेत. ‘जग’ आणि ‘जड’ यांतील ज चेंहि तेंच. लिपींतील अक्षर निराळें आणि कानांवर पडणारा ध्वनि निराळा, हें उच्चारशास्त्राचें पहिलें सूत्र होय. त्यासाठीं आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपि शिकावी लागते. तींत एका ध्वनीस एकच चिन्ह असतें. ऐकलेलें बोलणें ऐकल्याक्षणीं त्या लिपींत उतरवून घेण्याचा सराव हा या विषयाचा गाभा आहे. हा सराव पुस्तक वाचून होत नाहीं. सतार शिकणारास जसा रोजचा रियाज, तसा तो रोजच करावा लागतो.

भाषेच्या वाढीचा विषय हा निरोगी मुलाचा अभ्यास आहे. साधारणतः वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो, दोन वर्षांचें होईतों मूल दोन शब्द जोडूं लागतें, आणि पुढें व्याकरण फुलत जातें. निरोगी काय तें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास विकार कसा ओळखूं येणार? या विषयांतील एक धडा विशेष मोलाचा आहे. न्यू जर्सींत राहणाऱ्या मराठी घरांतील मूल घरीं मराठी बोलतें व शाळेंत इंग्रजी शिकतें. त्याचा इंग्रजी ट जरा मूर्धन्य येतो. इंग्रजींतील एखादा घर्षक वर्ण तें थ किंवा द सारखा उच्चारतें. हा दोष नव्हे, ही त्याच्या मातृभाषेची छाप होय. बोलींचा भेद म्हणजे वाचेचा विकार नव्हे, असें ‘आशा’ संस्थेनें १९८३ मध्येंच स्पष्टपणें जाहीर केलें आहे. केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून बसविलेली कसोटी अशा मुलास लावली, तर निरोगी मूल विकारी ठरेल. जेथें मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणारी चिकित्सक असेल, तेथें ही चूक सहसा होणार नाहीं.

शरीररचनेच्या विषयाचें महत्त्व तर जीविताशींच निगडित आहे. वाचाचिकित्सक केवळ बोलणें सुधारतो असें नव्हे. गिळण्याच्या विकारांचा उपचारहि त्याच्याकडेच असतो. जी वाट बोलण्याची, तीच घांसाची. घशांत श्वासाची व अन्नाची वाट एकमेकींस छेदतात. प्रत्येक घांस गिळतांना स्वरयंत्र वर उचललें जातें, त्यावरील झांकण मिटतें, आणि घांस श्वासनलिकेवरून पलीकडे अन्ननलिकेंत जातो. पक्षाघातानें हें वेळापत्रक बिघडलें, म्हणजे पाणी फुप्फुसांकडे वळतें. निरोगी मनुष्यास अशा वेळीं ठसका लागतो. कांहीं रोग्यांस ठसकाहि लागत नाहीं. घोट मुकाट्यानें चुकीच्या वाटेनें उतरतो, आणि पुढें न्यूमोनिया होऊन प्राणावर बेततें. रोग्याच्या उशाशीं पेला घेऊन उभ्या असलेल्या मुलीस ‘पाजा’ म्हणावयाचें कीं ‘थांबा’ म्हणावयाचें, याचा निर्णय ज्यास करावयाचा आहे, त्यानें शरीररचनेचा पेपर काठावर उत्तीर्ण होऊन भागेल काय?

आतां व्यवहाराकडे वळावयाचें. हे विषय पुरे करण्याचे तीन मार्ग आहेत. कांहीं विद्यापीठें पदवीधरांसाठीं केवळ एवढ्याच विषयांचा जोड-अभ्यासक्रम चालवितात. कांहीं ठिकाणीं संभाषणविज्ञानाची दुसरी पदवीच घेतां येते. तर कांहीं ठिकाणीं मास्टरचा अभ्यासच तीन वर्षांचा करून पहिल्या वर्षांत हे विषय शिकवितात. पहिल्या दोन मार्गांनीं बहुधा एक ते दीड वर्ष लागतें. नोकरी करणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून पुष्कळ विद्यापीठें हे विषय घरबसल्या, संगणकाच्या द्वारें शिकवितात. युटा राज्यांतील लोगन येथील युटा स्टेट युनिव्हर्सिटीचा अशा दूरस्थ शिक्षणांत चांगला बोलबाला आहे. पहिल्या यादींतील सामान्य शास्त्रविषय घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजांत कमी खर्चांत करतां येतात.

जाणत्या विद्यार्थ्याचा क्रम साधारणपणें असा असतो. प्रथम तो आपणांस जेथें जावयाचें आहे अशीं पांच-सहा विद्यापीठें निवडतो, आणि प्रत्येकाची यादी कागदावर शेजारीं शेजारीं लिहून काढतो. सर्वांत समान असलेले विषय तो आधीं घेतो. पूर्वीं कॉलेजांत झालेला एखादा विषय चालेल कीं नाहीं, हें तो अंदाजानें ठरवीत नाहीं. त्या विभागास पत्र पाठवून लेखी उत्तर मिळवितो. कित्येक विद्यापीठें फार जुने झालेले विषय स्वीकारीत नाहींत, आणि कित्येकांत ठराविक श्रेणीखालीं मिळालेले गुण विषय झाल्यासारखे धरीत नाहींत. पाहण्याचे २५ तास तो शक्य तर याच वर्षांत पुरे करतो. कारण चिकित्सक प्रत्यक्ष काम करतांना पाहिल्यावांचून हें काम आपणांस झेपेल कीं नाहीं, हें कोणासहि कळत नाहीं. रडणारें मूल, चिडलेला वृद्ध, आणि चार आठवडे गेले तरी एका अक्षराची प्रगति नाहीं, असे दिवस या कामांत पुष्कळ असतात.

कालाचा आणखी एक पेंच आहे. अमेरिकेंत विद्यापीठांचें वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरांत सुरू होतें, परंतु त्यासाठीं अर्ज आदल्या हिंवाळ्यांत, बहुतेक ठिकाणीं डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, करावे लागतात. म्हणजे पूर्वतयारीचें वर्ष निम्मेंहि सरलेलें नसतें तोंच अर्ज धाडावा लागतो. चालू असलेले विषय ‘चालू’ म्हणून दाखवितां येतात कीं नाहीं, याचा नियम ठिकाणोंठिकाणीं वेगळा असतो. म्हणून कठीण विषय पहिल्याच सत्रांत घेऊन त्यांत उत्तम गुण मिळविणें हितावह असतें. कारण निवड करणारांच्या डोळ्यांपुढें तेवढेंच एक सत्र असतें. शिफारसपत्रें देणारे गुरुजनहि याच सत्रांत जोडावे लागतात.

महाराष्ट्रांतून जाणाऱ्या विद्यार्थ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याच्या पदवीचें मूल्यमापन अमेरिकेंतील मान्य संस्थेकडून करून घ्यावें लागतें, आणि तीन वर्षांची बी. ए. किंवा बी. कॉम. ही पदवी तेथील चार वर्षांच्या पदवीबरोबर सर्वच विद्यापीठें धरीत नाहींत. हा प्रश्न पूर्वतयारीचे पैसे भरण्याआधीं सोडवून घ्यावा, मागाहून नव्हे. खुद्द भारतांत या व्यवसायाची वाट निराळी आहे. म्हैसूर येथें १९६५ मध्यें अखिल भारतीय वाचा व श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईस वांद्रें येथें १९८३ मध्यें अली यावर जंग यांच्या नांवाची श्रवणदोषविषयक राष्ट्रीय संस्था निघाली. आणि १९९२ च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्यानें या व्यावसायिकांची नोंदणी आवश्यक झाली. येथें बारावींत शास्त्रशाखा घेतलेला विद्यार्थी एका वर्षाच्या उमेदवारीसह चार वर्षांच्या पदवीस जातो, आणि वर सांगितलेले विषय त्या पदवींतच शिकतो. त्यामुळें मागाहून या मार्गावर येऊं पाहणाऱ्या कलाशाखेच्या पदवीधरास येथें वाट फारशी मोकळी नाहीं. अमेरिकेंतील पद्धतीचा हाच एक मोठा गुण म्हणतां येईल: उशिरां जागें झालेल्या माणसासाठींहि तिनें दार उघडें ठेविलें आहे.

परंतु उघडें दार म्हणजे आंत मिळालेली जागा नव्हे, हेंहि तितकेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. सर्व विषय उत्तम रीतीनें पुरे केले तरी मास्टरच्या वर्गांत प्रवेश मिळेलच असें वचन कोणतेंहि विद्यापीठ देत नाहीं. जागा थोड्या असतात व अर्ज फार येतात. एखादी संसारी स्त्री सांठविलेले पैसे खर्चून, रात्रीं मुलें निजल्यावर अभ्यास करून, एक वर्ष या तयारींत घालविते, आणि वसंतांत तिच्या हातीं नकाराचीं पत्रें पडतात, असें घडतें. म्हणून शहाणी माणसें केवळ नामांकित विद्यापीठांवरच भिस्त ठेवीत नाहींत. दुसऱ्या वर्षीं पुन्हा अर्ज करण्याची मनाची व पैशाची तयारी आधींच ठेवितात, आणि मधल्या काळांत कांहीं राज्यांत वाचाचिकित्सकाच्या हाताखालीं सहायक म्हणून काम करतां येतें, त्याची चौकशी करून ठेवितात.

मग त्या वर्षाचें काय झालें म्हणावयाचें? तें फुकट गेलें काय? ज्यानें तें वर्ष नाकेदाराचा कर म्हणून दिलें, त्याचें गेलेंच. कारण दार उघडलें नाहीं तर कर परत मिळत नाहीं. परंतु ज्यानें मुलाच्या कानाची, जिभेची व मेंदूची ओळख करून घेण्यासाठीं तें दिलें, त्याच्यापाशीं कांहीं तरी उरतें. दुसऱ्या वर्षीं तो अधिक तयार होऊन उभा राहतो. आणि प्रवेश मिळाला म्हणजे पहिल्याच महिन्यांत त्यास दिसून येतें कीं, उंबरठ्याबाहेर गिरविलेले धडेच आंत पदोपदीं उपयोगी पडत आहेत.

तें ‘ताता’ म्हणणारें मूल, तो पत्नीचें नांव शोधणारा गृहस्थ, तो पेला हातीं धरून उभी असलेली मुलगी, यांना चिकित्सकाची गुणपत्रिका कधींच दिसत नाहीं. कोणत्या सत्रांत कोणता विषय झाला, हें तीं विचारीत नाहींत. त्यांच्या वांट्यास येतें तें त्या अभ्यासाचें फळ, किंवा त्या आळसाचें. एके दिवशीं मूल दोन वेळां अडखळतें, जीभ पाठीमागें नेतें, आणि ‘काका’ असें स्वच्छ म्हणतें. दारांत उभ्या असलेल्या काकांचे डोळे भरून येतात. त्या दोन अक्षरांमागें कोणीतरी रात्रीं जागून केलेली उच्चारशास्त्राची उजळणी असते, हें त्या खोलींत एकट्या चिकित्सकासच ठाऊक असतें.